गिअरबॉक्स उघडू देण्याआधी

मुंबईतल्या माहुलगाव, आंबापाडा, अनिक, वाशी नाका आणि आजूबाजूच्या ज्या घरांत जुनी, छोटी, ऑटोमॅटिक गाडी आहे, त्या सगळ्यांना एक कळकळीची विनंती आहे. गाडी झटके मारायला लागली, गिअर पकडेनासा झाला, डॅशबोर्डवर गिअरचा दिवा लागला आणि कुणी नीट तपासायच्या आधीच ‘गिअरबॉक्स गेला’ असं सांगितलं, तर लगेच होकार देऊ नका. एक दिवस थांबा. बॅटरी, ब्रेकचा स्विच, ऑइल आणि गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये साठलेला फॉल्ट कोड या चार गोष्टी पाहिल्याशिवाय कुणालाही गिअरबॉक्स खाली उतरवू देऊ नका.

हे आत्ता सांगायचं कारण आहे. आपल्याकडे स्वस्त ऑटोमॅटिक गाड्यांची लाट 2014 साली आली. त्या फेब्रुवारीत मारुतीने सेलेरिओ आणली आणि पाच लाखांच्या आत क्लच न दाबता चालणारी गाडी मिळू लागली. त्याच वर्षी ऑल्टो के-टेन तशी आली, 2015 मध्ये नॅनो आणि वॅगन-आर आल्या, 2016 मध्ये क्विड आली. त्याआधीही झेन, सँट्रो, आय-टेन, ए-स्टार या गाड्यांची ऑटोमॅटिक मॉडेलं होतीच, पण ती घेणारे थोडे. 2014 नंतर मात्र गुडघे दुखणाऱ्या निवृत्त माणसांनी, उशिरा गाडी शिकलेल्या बायकांनी, डाव्या पायात अधूपण असलेल्यांनी या गाड्या हौसेपेक्षा गरजेपोटी घेतल्या. त्या गाड्यांना आता दहा वर्षं होत आली किंवा उलटून गेली. पहिल्या मालकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे गेलेल्या या गाड्या आज आपल्या वस्तीत उभ्या असतात, आणि मोठ्या दुरुस्तीची वेळ नेमकी शेवटच्या, सगळ्यांत कमी ऐपतीच्या मालकावर येते.

आधी आपली गाडी कोणत्या जातीची आहे ते ओळखा, कारण ‘ऑटोमॅटिक’ या एका नावाखाली अगदी वेगवेगळी यंत्रं विकली गेली आहेत. सेलेरिओ, ऑल्टो, नॅनो, क्विड, टियागो यांच्यात आहे एएमटी. म्हणजे आत गिअरबॉक्स साधा मॅन्युअलच, क्लचप्लेटही तीच. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तुमच्या पायाऐवजी आणि हाताऐवजी एक ॲक्च्युएटर करतो. जुनी आय-टेन, ए-स्टार, रिट्झ यांच्यात टॉर्क कन्व्हर्टरवाला खरा ऑटोमॅटिक आहे. तिथे तशी क्लचप्लेट नाही, सगळा कारभार ऑइलच्या दाबावर. आणि मायक्रा, जॅझ आणि अमेझ व होंडा सिटीची काही मॉडेलं यांच्या ऑटोमॅटिकमध्ये सीव्हीटी आहे, ज्यात दोन पुल्ल्या आणि पोलादी पट्टा असतो, ठरावीक गिअर नसतातच. ओळखायची साधी खूण म्हणजे बहुतेक छोट्या एएमटी गाड्यांच्या लिव्हरवर ‘पी’ नसतो. जो मेकॅनिक तुमच्या गाडीत या तिघांपैकी काय आहे ते विचारत नाही, पाहत नाही आणि थेट खर्च सांगतो, त्याच्याकडून गाडी परत घ्या.

एएमटीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण माहुलमध्ये सर्वांत जास्त फसगत तिथेच होते. या यंत्रणेला वीज पुरेशी लागते. बॅटरी म्हातारी झाली, की इंजिन कसंबसं सुरू होतं, पण ॲक्च्युएटरचा पंप आणि त्याचा कॉम्प्युटर गडबडतो. गाडी न्यूट्रलमधून हलत नाही, दिवा लागतो, आणि मालक समजतो गिअरबॉक्स संपला. बंद गाडीच्या चांगल्या बॅटरीवर मीटर लावला तर साडेबारा व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत, इंजिन चालू असताना साडेतेरा ते साडेचौदा. हे कुठलाही बॅटरीवाला दोन मिनिटांत पाहून देतो. तिथेच बॅटरीची टर्मिनलं आणि बॉडीला गेलेली अर्थिंगची पट्टीही पाहायला सांगा. आपण खाडीकाठी राहतो. खारी दमट हवा, कारखान्यांचा धूर, आणि रात्री बोनेटखाली शिरणारे उंदीर, या तिन्हींनी माहुलमधल्या गाड्यांची वायरिंग आणि कनेक्टर इतर उपनगरांपेक्षा लवकर खराब होतात असं माझं स्पष्ट मत आहे. हिरवट गंज चढलेला एक कनेक्टर साफ केल्यावर गाडी पूर्ववत चालू शकते.

दुसरी तपासणी अगदी फुकटची. कुणाला तरी मागे उभं करा, ब्रेक दाबा, लाल दिवे लागतात का विचारा. ब्रेक दाबल्याचा संदेश पोचला नाही तर ऑटोमॅटिक गाडी गिअर घेऊ देत नाही, पीमधून लिव्हर हलत नाही. पेडलवरचा तो छोटा स्विच गेला तर बदलायला फार पैसे पडत नाहीत. दिवे लागत नसतील तर फ्यूज आणि स्विच आधी, बाकी सगळं नंतर.

तिसरी खूण कानाने ओळखायची. अनेक एएमटी गाड्यांत ड्रायव्हरचं दार उघडलं की आतून पंपाची ‘घूंऽऽ’ अशी बारीक घरघर ऐकू येते; पंप ऑइलचा दाब तयार करतो आणि थांबतो. तो आवाज अजिबात येत नसेल, तर पंपाचा फ्यूज किंवा रिले पाहायला हवा. उलट गाडी नुसती उभी असताना तो दर काही सेकंदांनी पुन्हापुन्हा येत असेल, तर दाब साठवणारा ॲक्युम्युलेटर कमजोर झालेला असू शकतो किंवा कुठेतरी गळती असू शकते. ॲक्च्युएटरच्या छोट्या टाकीत स्वतःचं वेगळं ऑइल असतं. ते कमी झालं तरी गिअर अडतात. यातलं प्रत्येक काम गिअरबॉक्स न उघडता होतं.

आणि क्लच? क्लच मात्र खरोखर झिजतो. इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी त्या मानाने पळत नाही, चढावर जळका वास येतो, पहिल्या गिअरला गाडी थरथरते, अशी लक्षणं दिसली तर क्लचप्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग असा पूर्ण संच बदलायची तयारी ठेवा. तो खर्च मोठा आहे, पण ती गिअरबॉक्सची मरणघंटा नाही, हे लक्षात असू द्या. नवा क्लच बसवल्यावर स्कॅनर लावून कॉम्प्युटरला तो क्लच नव्याने शिकवावा लागतो; मेकॅनिक त्याला ‘लर्निंग’ म्हणतात. हे न करता गाडी सोडली तर नव्या क्लचवरही ती झटके मारते आणि महिन्याभरात तुम्हाला ॲक्च्युएटर बदला असं सांगितलं जातं. म्हणून काम देण्याआधीच विचारा, तुमच्याकडे या गाडीचा स्कॅनर आहे का? नसेल तर तिथे क्लचचं काम देऊ नका, माणूस कितीही ओळखीचा असो.

क्लच इतक्या लवकर का झिजतो, याचं उत्तर आपल्या रस्त्यांवर आहे. रिफायनऱ्यांकडे जाणाऱ्या टँकरांच्या रांगेत गाडी पावलापावलाने पुढे सरकते. अशा वेळी एएमटी गाडी अर्ध्या क्लचवर असते, म्हणजे प्लेट सतत घासली जाते. समोर अंतर पडू द्या, मग एकदम पुढे जा. इंचाइंचाने सरकू नका. रांग लांब थांबणार असेल तर न्यूट्रल करा, हँडब्रेक ओढा. पुलाच्या चढावर गाडी मागे जाऊ नये म्हणून ॲक्सिलरेटर हलकेच दाबून धरणं हा एएमटी क्लचचा सर्वांत मोठा शत्रू. चढावर ब्रेक किंवा हँडब्रेक, दुसरं काही नाही. आणि गाडी पूर्ण थांबल्याशिवाय डीमधून आरमध्ये टाकू नका; हे तिन्ही जातींना लागू आहे.

आता टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गाड्या. यांचं आयुष्य ऑइलवर आहे आणि इथे मला एक गोष्ट फार सलते. आपल्या माहुलच्या हिंदुस्थान पेट्रोलियमच्या रिफायनरीत देशातला सर्वांत मोठा वंगणतेलांचा विभाग आहे. 1969 पासून इथे वंगणासाठी लागणारं मूळ तेल तयार होतं. अशा कारखान्याच्या भिंतीला लागून राहणाऱ्या आपल्या लोकांच्या गाड्यांचं गिअर ऑइल दहा-दहा वर्षं बदललेलं नसतं. ‘हे लाइफटाइम ऑइल आहे, बदलायचं नसतं’ असं कुणी तरी सांगितलेलं असतं. विश्वास ठेवू नका. गाडीच्या पुस्तिकेत खडतर वापरासाठी वेगळी मुदत दिलेली असते आणि मुंबईची थांबत-थांबत चालणारी रहदारी, उकाडा, छोटे फेरे हा खडतर वापरच आहे. साधारण चाळीस ते साठ हजार किलोमीटरला हे ऑइल बदलावं असं मी सांगेन, आणि पुस्तिकेत त्याहून कमी लिहिलं असेल तर पुस्तिका खरी.

ऑइल बघायचं कसं? ऑइल मोजायची पट्टी म्हणजे गेज असलेल्या गाडीत इंजिन तापवा, सपाट जागेवर उभी करा, ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या गिअरांतून एकदा फिरवा, पीमध्ये आणा आणि इंजिन चालू ठेवूनच गेज काढून पाहा. इंजिन ऑइल बंद गाडीत बघतात, हे बहुतेक ऑटोमॅटिकांत चालू गाडीत. इथे अनेक जण चुकतात आणि जास्त ऑइल भरून ठेवतात, जे कमी ऑइलइतकंच वाईट. लाल किंवा लालसर तपकिरी रंग ठीक. काळपट आणि जळका वास असेल तर आतल्या क्लचच्या चकत्या जळू लागल्या आहेत. ज्या गाड्यांना गेजच नाही, त्यांची पातळी गॅरेजमध्ये वर उचलून, ठरावीक तापमानाला बघावी लागते. कुणी वरून अंदाजाने भरत असेल तर थांबवा.

जुन्या, कधीच ऑइल न बदललेल्या गिअरबॉक्सला मशीन लावून दाबाने धुऊन काढण्याच्या मी विरोधात आहे. खालचा बोल्ट उघडून नेहमीसारखं ऑइल काढा. असं काढल्यावर सगळं निघत नाही, बरंचसं कन्व्हर्टरमध्येच राहतं. म्हणून भरा, काही दिवस चालवा, पुन्हा काढा, पुन्हा भरा. बोल्टवरच्या किंवा तळाच्या चुंबकावर राखाडी मऊ पावडर दिसली तर घाबरू नका, ती झीज असते. धातूचे तुकडे किंवा चकाकणारे कण निघाले, तरच मोठ्या खर्चाचा विचार सुरू करा. आणि ऑइल कोणतं? ह्युंदाईच्या जुन्या आय-टेनला एसपी-थ्री दर्जाचं लागतं, होंडाच्या जुन्या सीव्हीटीला होंडाचंच मल्टिमॅटिक ऑइल. सीव्हीटीत साधं लाल ऑटोमॅटिक ऑइल भरलं तर पट्टा घसरू शकतो आणि गिअरबॉक्सच कायमचा जाऊ शकतो. डबा तुमच्या डोळ्यांदेखत उघडायला सांगा, सील बघा, डब्यावरचं नाव बिलावर लिहून घ्या.

टॉर्क कन्व्हर्टर गाडी अचानक एकाच गिअरमध्ये, बहुधा तिसऱ्यात, अडकून चालू लागली, तर समजा तिच्या कॉम्प्युटरने स्वतःला वाचवण्यासाठी तसं केलं आहे. मागे बहुधा एखादा सोलेनॉइड, सेन्सर किंवा वायर असते. हळूहळू जवळच्या जागेपर्यंत न्या आणि थांबा. कोड काढून घ्या. कोड पुसून टाकून ‘झालं काम’ म्हणणाऱ्यावर भरवसा ठेवू नका. कोड आधी कागदावर लिहून घ्या, मग पुढची बोलणी.

पावसाबद्दल बोललंच पाहिजे. माहुलच्या खाडीतून कुर्ला, चुनाभट्टी, सायन, वडाळा इथलं पाणी समुद्राकडे जातं. भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की ते तुंबतं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, तो दिवस कुणी विसरलेलं नाही. त्यानंतर शहरासाठी ठरलेल्या आठ पंपिंग स्टेशनांपैकी माहुलचं जागेच्या अडचणीत वर्षानुवर्षं रखडलं. तेव्हा पाणी भरणार हे धरूनच चालावं. गिअरबॉक्सला वर हवेसाठी छोटं भोक असतं. गाडी पाण्यात बुडाली की तिथून पाणी आत जातं. अशी गाडी चुकूनही सुरू करून पाहू नका. बॅटरी सोडवा, गाडी उचलून न्या, ऑइल काढून बघा. दुधाळ गुलाबी झालेलं ऑइल म्हणजे आत पाणी. ते तसंच ठेवून चालवलं तर वाचण्यासारखा गिअरबॉक्सही चार दिवसांत मरतो. विम्याला खबर देताना गाडी सुरू न करता उचलून नेली हे सांगा आणि पाण्याची रेषा दिसेल असे फोटो काढून ठेवा.

रस्त्यात बंद पडल्यावर काय, याची तयारी आधीच हवी. आपल्यापैकी अनेक जण रोज ईस्टर्न फ्रीवेने शहरात जातात. 2013 साली सुरू झालेला हा रस्ता किती सोयीचा आहे हे सांगायला नको, पण त्याचा मोठा भाग उंच पुलावर आहे आणि अनिकजवळ बोगदा आहे. बाजूला घ्यायला जागा जवळपास नाही. म्हणून गिअर नीट पकडत नसेल तर त्या दिवशी फ्रीवेवर चढूच नका, खालून जा. वर असताना बिघडलीच, तर इंडिकेटर चारही लावा, शक्य तितकं डावीकडे घ्या, गाडीतून उतरून मागच्या रहदारीपासून दूर कठड्याशी उभे राहा आणि 112 ला फोन करा. मुलांना गाडीत बसवून ठेवू नका. धक्का मारून ऑटोमॅटिक गाडी सुरू होत नाही, तो प्रयत्न नको.

दोरी बांधून ओढणंही नको. टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटी गाड्यांत ऑइलचा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद ठेवून चाकं फिरवली की आतले भाग कोरडे घासतात. पुढची चाकं उचलून किंवा पूर्ण गाडी फ्लॅटबेडवर चढवून न्या. लिव्हर पीमध्ये अडकला असेल तर त्याच्याजवळ बहुतेक गाड्यांत छोटं झाकण असतं. ते काढून आत चावी किंवा स्क्रू-ड्रायव्हर दाबला की लिव्हर न्यूट्रलमध्ये येतो. एएमटी गाडी गिअरमध्ये असताना बॅटरी संपली तर ती ढकलता येतच नाही, तीही उचलूनच न्यावी लागते. तुमच्या विम्यात रस्त्यावरची मदत आहे का, हे आजच कागद काढून बघा आणि तो नंबर फोनमध्ये ठेवा.

आता पैशांचा प्रश्न, जो खरा आहे. सगळी तपासणी होऊन गिअरबॉक्स उघडण्यावाचून इलाज नाही असं ठरलं, तर दोन वेगळ्या ठिकाणी लेखी अंदाज घ्या, भाग आणि मजुरी वेगवेगळी लिहून. वापरलेला गिअरबॉक्स घेण्याचा मार्गही आहे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांचे भाग मिळतात हे आपल्याला ठाऊक आहे. तिथे जाताना जाणकार माणूस सोबत न्या, आपल्या गाडीच्या गिअरबॉक्सवरचा नंबर लिहून न्या, बिल मागा, आणि निदान महिन्याभराची लेखी हमी मिळत नसेल तर घेऊ नका. काही गॅरेजवाले सुचवतात, ‘मॅन्युअल करून टाका, स्वस्तात होईल.’ ज्याने गुडघ्यासाठी किंवा अधू पायासाठी ही गाडी घेतली, त्याच्या हातात मग उपयोगाची गाडी राहत नाही. त्यात विम्याचा दावा करताना हा बदल आड येऊ शकतो. हे करू नका.

माझा हिशेब असा आहे: आज गाडी विकली तर जी किंमत येईल, तिच्या निम्म्याहून जास्त दुरुस्तीला लागत असेल, आणि गाडीला पंधरा वर्षं होत आली असतील, तर दुरुस्तीत पैसा घालू नये. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी वाढवण्याची फी एप्रिल 2022 पासून सहाशेऐवजी पाच हजार रुपये झाली आहे. शिवाय फिटनेस तपासणी आणि हरित कर. पण गाडी आठ-दहा वर्षांची, इंजिन ठणठणीत, पत्रा गंजलेला नाही, आणि बिघाड क्लचचा किंवा ॲक्च्युएटरचा, तर दुरुस्त करा. त्या पैशांत दुसरी जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली तर तिचा क्लच कधी जाईल हे तुम्हाला ठाऊक नसतं.

गॅरेजमध्ये गाडी सोडताना जॉब कार्ड घ्या, बदललेले जुने भाग परत मागा, पक्कं बिल घ्या. ज्यांनी काम न करता पैसे घेतले किंवा सांगितल्यापेक्षा वेगळंच बदललं, त्यांच्याविरुद्ध 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतही तक्रार करता येते. तिथे नाही मिटलं तर आपल्या उपनगर जिल्ह्याचा ग्राहक आयोग वांद्र्याला आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. मार्गदर्शन हवं असेल तर 1975 पासून काम करणारी मुंबई ग्राहक पंचायत आहे. पण बिल आणि जॉब कार्ड नसेल तर यातलं कुणीही फारसं काही करू शकत नाही, म्हणून कच्च्या चिठ्ठीवर पैसे देण्याची आपली सवय सोडा.

आणि शेवटचं. गाडी दुरुस्त न करता विकायचं ठरवलंत, तर घेणाऱ्याला बिघाड सांगा आणि करारात लिहा. आपल्या वस्तीतल्या गाड्या बहुधा आपल्याच वस्तीत विकल्या जातात. घेणारा कदाचित कर्ज काढून, त्या गाडीवर रोजी कमवायला निघालेला असेल. चार-पाच हजार कमी आले तरी चालतील. फॉल्ट कोडचा तो कागद त्याच्या हातात द्या.